गाय बोटीतून उतरण्याआधीचं कालवण

राजमा, टोमॅटो, ढोबळी मिरची, मक्याचं कणीस, लाल भोपळा आणि लाल तिखट. मीरा रोडच्या शांती नगरात या सहा जिनसा गोळा करायला सेक्टरबाहेर पडावं लागत नाही. राजमा आणि तिखट वाण्याकडे मिळतं, बाकीचं भाजीच्या गाडीवर. कांदा, लसूण, जिरं घरात असतंच. एवढ्यावर जे दाट, लालभडक, पोटभरीचं कालवण होतं त्याला अमेरिकेत ‘चिली’ म्हणतात. त्यात मांस नाही, चीज नाही, सायसुद्धा नाही, म्हणजे ती ‘व्हीगन चिली’. शहरांतल्या आपल्या स्वयंपाकघरांत ती आली ती परदेशी राहणाऱ्या लेकी-सुनांकडून आणि मोबाइलवरच्या पाककृतींतून. येताना एक समजही सोबत घेऊन आली : मूळ पदार्थ मांसाचा, आणि ही त्याची सोवळी आवृत्ती.

पुढची सगळी खटपट या समजातून होते. मांस काढलं म्हणजे जागा रिकामी झाली, ती भरली पाहिजे. मग सोयाबीनचा खिमा भिजवा, मशरूम बारीक चिरा, नाहीतर शीतपेटीतलं महागडं नकली मांस आणा. पण ती जागा खरंच रिकामी होते का? मांस या पातेल्यात कधी आलं, कशामुळे आलं आणि त्याआधी तिथे काय शिजत होतं, याचा माग काढत गेलं की उत्तर वेगळं मिळतं. आणि या मागावर चालताना शांती नगर ज्या जमिनीवर उभं आहे ती जमीनही वाटेत लागते.

सॅन अँटोनिओचे चौक

आज जगाला माहीत असलेली चिली घडली टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या चौकांत संध्याकाळ झाली की मेक्सिकन बायका पातेली, कंदील आणि लाकडी टेबलं घेऊन येत. जाळावर ‘चिली कोन कार्ने’, म्हणजे मांस घातलेलं मिरचीचं कालवण, रटरटत असे. गाडीवान, शिपाई, व्यापारी, फिरायला आलेले बघे, सगळे एकाच बाकावर बसून खात. या बायकांना शहर ‘चिली क्वीन्स’ म्हणू लागलं. १८९३ मध्ये शिकागोला कोलंबसच्या स्मरणार्थ जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा तिथे सॅन अँटोनिओच्या चिलीचा ठेला लागला आणि पदार्थ टेक्सासबाहेर पसरला. ज्यांनी तो प्रसिद्ध केला त्या बायकांना मात्र १९३० च्या दशकात आरोग्याच्या नियमांवर बोट ठेवून चौकांतून उठवण्यात आलं. आपल्याकडच्या फेरीवाल्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

त्याच काळात न्यू ब्राउनफेल्स या गावात विल्यम गेबहार्ट या जर्मन स्थलांतरिताने सुक्या मिरच्या, जिरं, ओरेगॅनो असं एकत्र दळून त्याची तयार पूड बाटलीत भरली. वर्ष १८९४ च्या आसपासचं. आपल्याकडे कांदा-लसूण मसाल्याने जे काम केलं तेच या पुडीने तिकडे केलं : मिरची मिळो न मिळो, ऋतू कुठलाही असो, चव एकसारखी राहू लागली. इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकन पाककृतीत ‘तीन मोठे चमचे चिली पावडर’ असं लिहिलेलं असतं ते या मिश्रणाबद्दल. ते वाचून आपल्या डब्यातलं तिखट तीन चमचे घातलं तर ते कालवण घरात कोणी खाऊ शकणार नाही.

मग मांस? ते आलं भावामुळे. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं तेव्हा टेक्सासच्या माळांवर गुरांचे बेसुमार कळप होते. उत्तरेकडच्या शहरांत गोमांसाला किंमत होती, टेक्सासमध्ये नव्हती. म्हणूनच हजारो गुरं पायी हाकत रेल्वेच्या टोकापर्यंत न्यायचा धंदा तिथे उभा राहिला. जिथे जनावर एवढं स्वस्त, तिथे त्याचे चिवट, कोणी न विचारणारे तुकडे गरिबाच्या पातेल्यात पडले, आणि ते मऊ होईपर्यंत मिरचीत शिजवत ठेवायची रीत पडली. टेक्सासबाहेर, जिथे मांस महाग होतं, तिथे त्याच पातेल्यात घेवडा वाढत गेला. टेक्सासवाल्यांना तो आजही खपत नाही. १९७७ मध्ये त्यांनी चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवलं, आणि तिथल्या मोठ्या चिली स्पर्धांच्या नियमांत घेवड्याला मनाई आहे. अभिमानाने सांगितली जाणारी ही शुद्धता मुळात त्या प्रदेशातल्या गुरांच्या बाजारभावातून आली आहे.

बिनमांसाची चिली अमेरिकेत पुन्हा दिसू लागली ती १९७० च्या दशकात. फ्रान्सिस मूर लापे यांचं ‘डाएट फॉर अ स्मॉल प्लॅनेट’ हे पुस्तक १९७१ मध्ये आलं. माणसाने थेट खाता येईल असं धान्य गुरांना घालून त्यांचं मांस खाणं ही नासाडी आहे, असा त्यातला मुद्दा होता, आणि कडधान्य व तृणधान्य जोडीने खाण्याचा आग्रहही. १९७७ मध्ये मॉली कॅट्झेन यांच्या ‘मूसवुड कुकबुक’मध्ये शाकाहारी चिली आली, तीत दलियासारखा भरडलेला गहू होता. म्हणजे मांसाचा दाणेदारपणा धान्याने भरून काढायचा प्रयत्न तेव्हापासूनचा. ‘व्हीगन’ ही चळवळ त्याहून जुनी. दूध, अंडी, मध यांसकट प्राण्यांपासून येणारं काहीच न घेण्याचा विचार घेऊन डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये व्हीगन सोसायटी काढली होती. हे दोन प्रवाह मिळाले आणि आजची पाककृती तयार झाली.

इथे थांबलं तर समज खराच वाटतो : आधी मांस, मग शाकाहारी बदल. म्हणून आणखी मागे जायचं.

गायीच्या आधी

कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला तेव्हा त्या दोन्ही खंडांत गाय नव्हती. डुक्कर, शेळी, मेंढी नव्हती. मेक्सिकोतली पाळीव जनावरं म्हणजे टर्की आणि कुत्रा. हरीण, ससे, मासे मिळतील तेव्हा मिळत. गुरं आली ती कोलंबसच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीत, आधी कॅरिबियन बेटांवर, आणि १५२० च्या दशकात मेक्सिकोच्या मुख्य भूमीवर. कांदा, लसूण, जिरंही त्याच बाजूने गेलं. सॅन अँटोनिओमध्ये जिऱ्याची सवय लावली ती १७३१ मध्ये स्पेनच्या राजाने कॅनरी बेटांवरून आणून वसवलेल्या कुटुंबांनी, असं मानतात.

त्याआधी तिथे जे शिजत होतं ते आपल्या सहा जिनसांत आलेलंच आहे. मेक्सिकोच्या शेतात मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावायची पद्धत फार जुनी. तिला मिल्पा म्हणतात. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो, घेवड्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, भोपळ्याची रुंद पानं जमीन झाकून ओल टिकवतात आणि तण दाबतात. बांधाला मिरची, टोमॅटो. पानात पडल्यावरही मका-घेवड्याची जोडी टिकते. मक्यात लायसिन नावाचं प्रथिनाचं एक घटकद्रव्य कमी असतं, ते घेवड्यात भरपूर. घेवड्यात जे कमी ते मक्यात सापडतं. ज्वारीच्या भाकरीबरोबर उसळ खाणाऱ्या माणसाला हा हिशेब जिभेने ठाऊक आहे.

बर्नार्दिनो दे सहागून हा स्पॅनिश धर्मगुरू १५२९ मध्ये मेक्सिकोत गेला आणि त्याने तिथल्या लोकांच्याच तोंडून त्यांच्या जगण्याचा मोठा ग्रंथ लिहून घेतला. त्यात बाजारातल्या विकणाऱ्या-करणाऱ्यांची वर्णनं आहेत. मिरची, टोमॅटो आणि भोपळ्याच्या बियांचं वाटण घालून केलेली कालवणं, मक्याच्या सालीत वाफवलेल्या घेवड्याच्या वड्या. मांसाचे प्रकारही आहेत, पण रोजच्या माणसाचं जेवण मका, घेवडा आणि मिरची हेच. स्पॅनिश येण्याआधी चरबीचा तर प्रश्नच नव्हता, कारण डुक्कर अजून यायचं होतं.

तेव्हा क्रम असा लागतो. हजारो वर्षं घेवडा, मिरची, टोमॅटो, मका, भोपळा. मग चारशे-पाचशे वर्षं त्यात बोटीतून आलेल्या गुरांचं मांस. आणि आता ते काढून टाकणारी व्हीगन चिली. मांस हा या पदार्थाचा पाया नाही. ते मधल्या मुक्कामावर पातेल्यात आलं.

वसईच्या खाडीअलीकडे

गुरं पश्चिमेला गेली त्याच काळात मिरची पूर्वेला निघाली, आणि तिची वाट थेट आपल्या दारावरून जाते.

मीरा-भाईंदर हे साष्टी बेटाचं उत्तर टोक. पलीकडे वसईची खाडी. शांती नगरच्या इमारती १९८० च्या दशकापासून उभ्या राहिल्या. मीरा-भाईंदरची नगरपालिका १९८५ ची आणि महानगरपालिका २००२ ची. त्याआधी इथे मिठागरं, भातखाचरं, खाजण. पण चारशे-पाचशे वर्षांपूर्वी हा भाग आजच्यापेक्षा जगाच्या अधिक रहदारीवर होता. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या तहात वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगिजांना दिली. दोनशे वर्षं त्यांचा अंमल राहिला. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला. घोडबंदरचा किल्ला, उत्तन-डोंगरीची चर्चेस आणि तिथला ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज ही त्या काळाची हाकेच्या अंतरावरची खूण.

पोर्तुगिजांचं एक टोक ब्राझीलला होतं आणि दुसरं गोव्याला. मिरची, बटाटा, काजू, पपई, अननस हे त्यांच्या जहाजांच्या जाळ्यातून आपल्या किनाऱ्याला लागलं. मुंबईकडे मिरचीला एके काळी ‘गोवाई मिरची’ म्हणत, अशी नोंद जुन्या वनस्पतीकोशांत आहे. उत्तर हिंदुस्थानात ती अजून पोचायची होती. अकबराच्या दरबारातल्या पदार्थांची जिन्नसवार यादी ‘ऐन-ए-अकबरी’त आहे, १५९० च्या सुमाराची, आणि तिखटपणासाठी त्यात मिरी आणि आलं आहे.

इथल्या पातेल्यात तोवर काय होतं? कडधान्यं भरपूर होती. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात, आजपासून सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत, मसूर आणि कुळीथ सापडले आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावरच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात पाककृती आहेत. डाळी भाजून, भरडून, हिंग-हळद-मीठ लावून केलेले प्रकार आहेत. तिखटाला मिरी, आलं. मिरी मलबारची, व्यापाऱ्याकडून विकत घ्यायची. मिरचीचं तसं नव्हतं. परसात दोन रोपं लावा, पावसाच्या पाण्यावर येते, उन्हात वाळवून वर्षभर टिकते, आणि बी घरचंच. दख्खनच्या कोरडवाहू शेतकऱ्याला मिरी परवडत नव्हती, मिरची फुकट पडली. म्हणून ती राजाच्या मुदपाकखान्यापेक्षा चटणी-भाकरीवाल्याच्या घरात लवकर रुजली असावी. आज कोल्हापूरच्या बाजारात संकेश्वरी आणि लवंगी, रंगासाठी ब्याडगी, नागपूरकडे भिवापुरी, आणि उत्तन-गोराईच्या घरांत एप्रिल-मेच्या उन्हात कुटून तपकिरी बाटल्यांत ठासून भरलेला बॉटल मसाला. ही सगळी त्या एका पाहुणीची घरं.

साताऱ्याचा वाघ्या

राजमा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पंजाबी ताट येतं. हॉटेलांनी ती सवय लावली. पण तो ज्या जातीचा, ती अमेरिकेहून आलेली घेवड्याची जात साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यात खरिपाचं पीक म्हणून पक्की रुजली आहे. दाण्यावर लालसर पट्टे, म्हणून नाव वाघ्या घेवडा. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं; त्याच वर्षी भिवापुरी मिरचीलाही मिळालं. हा घेवडा मोठ्या प्रमाणावर उत्तरेच्या बाजारात जातो आणि तिथे राजमा म्हणून विकला जातो. साताऱ्याकडच्या घरांत मात्र कांदा-लसूण मसाला आणि दाण्याचं कूट घालून त्याची रश्शाची उसळ होते, भाकरीबरोबर. घेवडा अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची, आणि रस्सा दाट करणारा शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचा. यात मांस नाही आणि दूधही नाही. कोरेगावची बाई पिढ्यान्‌पिढ्या व्हीगन चिली करते आहे, फक्त तिला कोणी तसं सांगितलेलं नाही.

आपले घरचे पावटा, वाल, मटकी, कुळीथ वेगळे. ते जुन्या जगातले. त्यांच्या उसळी मिरची यायच्या आधीपासून होत होत्या. म्हणूनच नवा घेवडा आला तेव्हा त्याला बसायला पाट तयार होता : भिजवायचं, शिजवायचं, फोडणी द्यायची, वाटण लावायचं.

ऋषींच्या पातेल्यात मका

या मागोव्यातलं सगळ्यात चक्रावणारं ठिकाण म्हणजे ऋषिपंचमी. भाद्रपद शुद्ध पंचमी, गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी. मुंबई-ठाण्याच्या बाजारांत त्या सकाळी भाजीवाल्या वाटे लावून बसतात : अळू, माठ, भेंडी, शिराळं, पडवळ, सुरण, अंबाडी, मक्याचं कणीस, लाल भोपळा. यांची एकत्र भाजी होते. मसाला नाही, फोडणी नाही किंवा नावापुरती; ओलं खोबरं, चिंच, हिरवी मिरची. नियम असा की त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरटीचं धान्य वर्ज्य, हाताने लावलेलं, परसातलं चालतं.

जनावराच्या श्रमावर आपलं जेवण उभं राहू नये, निदान एक दिवस. मराठी घरांतल्या सणावारांत व्हीगन विचाराच्या इतकं जवळ जाणारं दुसरं काही मला आठवत नाही. त्याला पूर्ण व्हीगन म्हणता येणार नाही, आणि त्याचा उगीच गौरवही करायला नको. व्रताची कथा बायकांच्या विटाळाच्या कल्पनेवर उभी आहे, आणि पुष्कळ घरांनी ती कथा बाजूला ठेवून भाजी तेवढी ठेवली आहे. ते बरंच झालं.

पण पातेल्यात पाहा. मका, लाल भोपळा आणि मिरची यांतलं काहीही सप्तर्षींपैकी कोणी पाहिलेलं असणं शक्य नाही. तिन्ही गोष्टी अमेरिकेच्या. परसात सहज येणाऱ्या, नांगर न लागणाऱ्या भाज्या म्हणून त्या या व्रतात शिरल्या आणि इतक्या बेमालूम मिसळल्या की आज मक्याचं कणीस नसेल तर ऋषीची भाजी अपुरी वाटते. मेक्सिकोचा मिल्पाही नांगराविना, काठीने भोक पाडून पेरलेला असे, कारण ओढायला बैलच नव्हता. दोन दूरच्या परसांतली ही भाजी एकाच कारणाने सारखी झाली : ती हाताच्या कष्टाची आहे.

गिरणगावचा रस्सा

मुंबई शहरात मिरची-कडधान्याचं हे कालवण लाल आणि चमचमीत झालं ते कामगारांसाठी. पावभाजीची जन्मकथा सगळ्यांना पाठ आहे : अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, मुंबईच्या कापूसबाजारात रात्री-बेरात्री तारा येऊ लागल्या, आणि उशिरा घरी जाणाऱ्यांसाठी गाड्यांवर उरल्यासुरल्या भाज्या ठेचून पावाबरोबर देऊ लागले. कथा झकास आहे. पण ती १८६१ ते १८६५ च्या काळातली, आणि वनस्पतितज्ज्ञ जॉर्ज वॉट यांच्या १८८९ ते १८९३ मध्ये छापलेल्या, हिंदुस्थानातल्या उपजांच्या कोशात टोमॅटो मुख्यतः युरोपियनांसाठी पिकवला जातो, देशी लोक आता कुठे त्याची गोडी घेऊ लागलेत, असं म्हटलं आहे. तेव्हा त्या रात्री गाडीवर काही ठेचलं जात असलंच तर ते आजच्यासारखं टोमॅटोने लाल झालेलं नव्हतं. शिवाय आजची पावभाजी लोण्यावर उभी आहे. त्यामुळे चिलीशी तिचं नातं दिसतं तेवढं जवळचं नाही.

जवळचं नातं आहे ते उसळ-मिसळीचं. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी काढली आणि नंतरच्या शतकभरात कोकण-घाटावरून लाखो माणसं गिरणगावात आली. गावाकडे कुटुंब ठेवून आलेल्यांना खाणावळींनी जगवलं. या खाणावळी चालवणाऱ्या बायकांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं. पाळी सुटल्यावर पोट भरेल, झणझणीत लागेल आणि खिशाला परवडेल असं जे हवं, ते मटकी-वाटाण्याच्या उसळीत आणि तिच्यावरच्या कटात होतं. सॅन अँटोनिओच्या चौकातही गरज हीच होती. फरक भावाचा. तिथे गुरं स्वस्त होती म्हणून पातेल्यात मांस पडलं. इथे कडधान्य स्वस्त होतं म्हणून मटकी.

१९८२ च्या संपात अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. गिरण्या बंद पडत गेल्या तशी गिरणगावातली कुटुंबं कल्याण-डोंबिवली, मीरा रोड, नालासोपारा, विरारकडे सरकली. शांती नगर भरलं त्याच वर्षांत, आणि ते नुसतं मराठी माणसांनी भरलं नाही. गुजराती, मारवाडी, जैन, उत्तर भारतीय, दक्षिणी, शेजारच्या नया नगरात मुसलमान. इथल्या एका मजल्यावर एकाच संध्याकाळी काय काय शिजतं त्याची यादी केली तर तीत या कालवणाच्या घराण्याचे निम्मे सदस्य सापडतील.

घरी करायची तर

इतक्या मागोव्यानंतर पातेलं चढवताना काही गोष्टी आपोआप ठरतात.

पाव किलो राजमा किंवा वाघ्या घेवडा रात्रभर भिजवावा आणि ते पाणी टाकून द्यावं. घेवड्यात एक लेक्टिन असतं, ते कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं पोटात गेलं तर चार-पाच दाण्यांनीही उलट्या होऊ शकतात. किमान दहा मिनिटं खळखळ उकळी आली की ते निकामी होतं. मंद आचेवर तासन्‌तास नुसतं कोमट ठेवलं तर नाही होत, म्हणून परदेशात मंद शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यांत कच्चा राजमा टाकू नये असं बजावतात. आपला प्रेशर कुकर हा प्रश्न सोडवतो. शिट्टीनंतर आच कमी करून पंधरा-वीस मिनिटं ठेवावा.

टोमॅटो आधी घालू नये. आंबटाने दाण्याची साल आवळते आणि घेवडा कितीही शिजवला तरी कचकचीत राहतो. वरणात आमसूल शेवटी घालतात त्यामागे हेच शहाणपण आहे. राजमा बोटाने दाबला जाईल असा झाला की मगच टोमॅटोशी त्याची गाठ घालावी.

मिरची दोन कामं करते, रंगाचं आणि झोंबण्याचं, आणि ती वेगवेगळ्या मिरच्यांकडे द्यावीत. मेक्सिकोची आंचो मिरची इथे सहजी मिळत नाही, पण पाच-सहा ब्याडगी बिया काढून, गरम पाण्यात भिजवून वाटल्या की तो गडद लाल, किंचित गोडसर अर्क उतरतो. झोंबायला एखादी लवंगी किंवा संकेश्वरी पुरे. ढोबळी मिरची वांग्यासारखी गॅसवर काळी होईपर्यंत भाजून, साल काढून घातली की धुराचा वास येतो; मेक्सिकन स्वयंपाकघरांत मिरची अशीच भाजतात.

बाकी काम उसळीच्या चालीने. तेलात जिरं, दोन कांदे चांगले तांबूस, लसूण, मग मिरचीचं वाटण तेल सुटेपर्यंत. चार पिकलेले टोमॅटो आटू द्यावेत. मग शिजवलेला राजमा त्याच्या पाण्यासकट, एक गाजर, कणसाचे दाणे, लाल भोपळ्याच्या फोडी, भाजलेली ढोबळी. ओरेगॅनो बहुतेक घरांत पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्यांत पडून असतो, त्याला इथे काम मिळतं. जैन घरात कांदा-लसूण गाळून हिंग जरा सढळ घातला, सुंठीची चिमूट टाकली, आणि कंद म्हणून गाजरही वगळलं तर भोपळ्याची गोडी ती उणीव भरते. अर्धा तास मंद आचेवर ठेवलं की भोपळा विरघळून रस्सा दाट होतो. तरी पातळ वाटला तर चार चमचे राजमा ठेचून परत घालावा, किंवा साताऱ्यासारखं दाण्याचं कूट. वर कोथिंबीर, लिंबू. सोबत पाव, भात किंवा भाकरी. मक्याची भाकरी असेल तर जोडी मूळपदावर जाते.

सोयाबीनच्या खिम्याबद्दल कोणी विचारलंच, तर हौस असेल तर घालावा, त्यात पाप काही नाही. पण मांसाची जागा भरायची म्हणून घालायची गरज नाही. ती जागा टेक्सासच्या गुरांच्या बाजाराने काही काळ व्यापली होती, इतकंच. दाटपणासाठी भोपळा आहे, प्रथिनासाठी घेवडा आहे, चवीसाठी मिरची आहे, आणि या तिघांची संगत मांसाहून हजारो वर्षं जुनी आहे. पहिल्यांदा करताना खिमा आणायचे पैसे वाचवून ते चांगल्या ब्याडगीवर खर्च करावेत.